नजर की अंदाज?

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्या २२ यार्डांत वेळ किती मावतो, असे विचारले तर मोठी माणसेही थबकतात. हिशेब तसा सोपा आहे. गोलंदाज आपल्या रेषेजवळून चेंडू सोडतो, फलंदाज आपल्या रेषेजवळ उभा असतो. या दोन रेषांमधले अंतर ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटरांच्या आसपास. चेंडू ताशी १४५ किलोमीटर वेगाने सुटला, तर सेकंदाला ४० मीटर जातो. हवेत आणि टप्प्यावर वेग थोडा कमी होतो, तो धरूनही चेंडू यायला अर्ध्या सेकंदाच्या आतच वेळ लागतो. 'गोलंदाजाने चेंडू टाकला' हे वाक्य रेडिओवरचा समालोचक पुरे करतो, तोवर चेंडू यष्टिरक्षकाच्या हातमोज्यात जाऊन पडलेला असतो.

आता दुसरा हिशेब. डोळ्यांना काही दिसले आणि त्याप्रमाणे हात हलू लागला, एवढ्याला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. पाय हलवायला आणि बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला आणखी वेळ हवा. हे सगळे वजा केले, तर विचार करायला जवळपास काही उरतच नाही. चेंडू हातातून सुटतो न सुटतो तोच फलंदाजाचे ठरलेले असावे लागते. मग हे लोक खेळतात तरी कसे?

आपल्याकडे याचे उत्तर एका शब्दात तयार असते. नजर! गावसकर खेळत असत तेव्हा रेडिओजवळ बसलेले आमचे अब्बा म्हणायचे, 'याची नजर घारीची आहे.' बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत वाढलेली आमची पिढी तेच म्हणत आली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. प्रयोगशाळेशी माझा काही संबंध नाही. पण 'नजर' हा शब्द आम्हा कवींच्या रोजच्या वापरातला. शास्त्रज्ञांनी या शब्दाची परीक्षा कशी घेतली आणि शेवटी तो कसा बाजूला ठेवला, ही गोष्ट मी कुतूहलाने वाचत गेलो. तीच आज सांगणार आहे.

तिची सुरुवात मैदानावर झालेली नाही. ती झाली इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत. तारा दुर्बिणीतल्या तारेसमोरून नेमका कधी सरकला, हे घड्याळाच्या ठोक्यावरून टिपायचे काम तिथे चाले. राजज्योतिषी मॅस्केलीन यांच्या लक्षात आले, की आपला मदतनीस किनेब्रूक दर वेळी आपल्यापेक्षा उशिरा नोंद करतो. फरक सेकंदाच्या आठ दशांशापर्यंत गेला. १७९६ मध्ये किनेब्रूकची नोकरी गेली. पुढे पंचवीसएक वर्षांनी बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने या नोंदींचा विचार केला आणि इतर निरीक्षकांशी स्वतःची तुलना करून पाहिली. त्याला आढळले, की हा एका माणसाचा हलगर्जीपणा नव्हे. असा फरक प्रत्येक दोन माणसांत असतोच. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने मज्जातंतूंतून संदेश जायलाही मोजता येईल इतका वेळ लागतो, हे बेडकाच्या पायावर प्रयोग करून दाखवले. म्हणजे 'आत्ता' म्हणून आपण जे पाहतो, ते क्षणभर आधीचे असते. एका गरीब मदतनिसाच्या गेलेल्या नोकरीतून माणसाच्या वेळेचे शास्त्र जन्माला आले.

ते शास्त्र खेळाडूंकडे वळले विसाव्या शतकात. अमेरिकेत बेसबॉलचा बेब रूथ तेव्हा चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देत होता. १९२१ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेले. दिवा लागला की बटण दाबायचे, क्षणभर चमकलेली अक्षरे वाचायची, अशा चाचण्या झाल्या. रूथ सामान्य माणसापेक्षा सरस ठरला आणि त्याच्या यशाचे कोडे सुटले असा गाजावाजा झाला. डोळा वेगवान, कान वेगवान, मेंदू वेगवान. म्हणून माणूस मोठा. हे उत्तर लोकांना आवडले, कारण ते आधीपासून त्यांच्या मनात होतेच.

पण पुढे जसजसे इतर खेळाडू तपासले गेले, तसतशी अडचण दिसू लागली. दिवा लागताच बटण दाबण्यात कसलेले खेळाडू आणि साधी माणसे यांच्यात फार अंतर निघेना. मैदानावर मात्र दोघांत जमीनअस्मानाचा फरक! म्हणजे गुपित बटणात नव्हते.

मग डोळ्यांच्या हालचालींचाच माग काढायला सुरुवात झाली. 'चेंडूवरून नजर हटवू नको', हा जगातल्या प्रत्येक प्रशिक्षकाचा पहिला धडा. १९५४ मध्ये हबर्ड आणि सेंग या अमेरिकन अभ्यासकांनी व्यावसायिक बेसबॉलपटूंचे चित्रण तपासले. डोळे शेवटपर्यंत चेंडूचा पाठलाग करताना दिसले नाहीत. १९८४ मध्ये बेहिल आणि लारिट्झ यांनी चेंडू दोरीला बांधून, यंत्राने ओढून खेळाडूसमोर आणला आणि त्याच्या डोळ्यांची हालचाल मोजली. विद्यार्थ्यांची नजर चेंडू बराच दूर असतानाच मागे पडे. व्यावसायिक खेळाडूची नजर जास्त टिकली, पण चेंडू साडेपाच फुटांवर आला तेव्हा तीही मागे पडली. इतक्या जवळून इतक्या वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे डोळा धावूच शकत नाही.

म्हणजे शेवटच्या टप्प्यात थोर खेळाडूही एका अर्थाने आंधळाच असतो. मग बॅट बरोबर जागी पोहोचते कशी?

या प्रश्नावर एक साधी युक्ती निघाली. समोरच्या खेळाडूचे चित्रण दाखवायचे, ते मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, 'सांगा, चेंडू कुठे पडेल?' १९७८ मध्ये जोन्स आणि माइल्स यांनी टेनिसच्या सर्व्हिसवर हा प्रयोग केला. रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणभर आधीच फिल्म थांबवली, तरी अनुभवी प्रशिक्षकांचे उत्तर नुसत्या नशिबाने यावे त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आले. पुढे ऑस्ट्रेलियात ब्रूस अॅबरनेथी यांनी क्रिकेट आणि बॅडमिंटनमध्ये हीच वाट धरली. बॅडमिंटनमध्ये नवखा खेळाडू रॅकेटकडे पाहून अंदाज करतो. जाणता खेळाडू त्याआधी, रॅकेट धरणाऱ्या हाताकडे पाहूनच बरेच ओळखतो. क्रिकेटचेही तेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अव्वल दर्जाचे फलंदाज गोलंदाजाच्या मनगटातून आणि हातातून चेंडू सुटण्यापूर्वीच खुणा उचलतात. नवख्याला त्याच खुणा दिसत असतात, पण वाचता येत नाहीत.

दिसणे आणि वाचता येणे यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. निरक्षर माणसालाही छापलेले अक्षर स्पष्ट दिसतेच.

१९८७ चा एक प्रयोग तर मला फारच बोलका वाटतो. पीटर मॅक्लिऑड या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने मॅटिंगच्या खाली लाकडाच्या अर्धगोल पट्ट्या टाकल्या. चेंडू टप्पा पडल्यावर डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल की सरळ येईल, हे कुणालाच आधी कळणे शक्य नव्हते. समोर आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज. टप्प्यानंतर चेंडू अचानक वळला, तर बॅटची दिशा बदलायला त्यांना सेकंदाचा पाचवा भाग लागला. तुम्हा-आम्हाला लागतो तेवढाच! खुणा काढून घेतल्या, की थोर फलंदाज आणि सामान्य माणूस एका रांगेत येतात.

२००० साली मॅक्लिऑड आणि मायकेल लँड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून नजर कुठे जाते ते पाहिले. यंत्रातून सुटताना फलंदाज चेंडू पाहतो. मग नजर चेंडूला सोडून पुढे उडी मारते आणि जिथे टप्पा पडणार तिथे जाऊन थांबते. चेंडू तिथे नंतर पोहोचतो. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर असते, कच्च्याची उशिरा. २०१३ मध्ये डेव्हिड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दोन अव्वल फलंदाजांची हीच तपासणी केली. ते आपले डोके चेंडूच्या दिशेबरोबर वळवत राहतात आणि शेवटी बॅट व चेंडू जिथे भेटणार, तिथे नजर आधीच नेऊन ठेवतात. 'चेंडूवर नजर ठेव' हा धडा खोटा नाही, अपुरा आहे. नजर चेंडूच्या मागे नाही, पुढे जायला हवी.

हे सारे शास्त्रज्ञांनी मांडले त्याच्या कितीतरी आधी, भारतीय क्रिकेटमध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या होत्या. कुणीही मुद्दाम करू नये असे ते प्रयोग आयुष्याने केले.

पहिली घटना जुलै १९६१ ची. इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटारीच्या अपघातात विशीतल्या मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. सुरुवातीला त्यांना दोन चेंडू दिसत, पेल्यात पाणी ओतताना पाणी बाहेर सांडे. तरी त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत ते इंग्लंडविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळले. पुढे त्यांनी ४६ कसोटींत २७९३ धावा केल्या, सहा शतके काढली. १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध काढलेल्या नाबाद २०३ धावा त्यांतल्याच. हे सगळे एका डोळ्यावर.

दुसरी घटना मार्च १९६२ ची, बार्बाडोसमधली. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाला खेळत होते. कॉन्ट्रॅक्टर यांचे दोन्ही डोळे उत्तम होते. त्या टोकाला साइटस्क्रीन नव्हता. चेंडू सुटण्याच्या सुमारास समोरच्या पॅव्हेलियनमधली खिडकी कुणीतरी उघडली आणि आपले लक्ष विचलित झाले, असे कॉन्ट्रॅक्टर पुढे सांगत आले. चेंडू डोक्यावर बसला, कवटी फुटली. रक्ताची गरज पडली तेव्हा वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढण्यात आली.

कर्णधार इस्पितळात, म्हणून पुढच्या कसोटीत संघाची धुरा २१ वर्षांच्या पतौडींवर आली. नियतीचा खेळ पाहा! दोन डोळ्यांचा कर्णधार पडला आणि त्याच्या जागी एका डोळ्याचा उभा राहिला.

नुसत्या नजरेच्या भाषेत या दोन घटनांचा अर्थ लागत नाही. गेल्या साठ वर्षांतल्या अभ्यासाने तो लावता येतो. कॉन्ट्रॅक्टर यांच्या सांगण्यावर विसंबायचे, तर त्यांचा घात झाला तो चेंडू सुटण्याच्या क्षणीच. अर्ध्या सेकंदातला तो पहिला तुकडा गेला, की उरलेल्यात माणूस काही करू शकत नाही. पतौडींपाशी एकच डोळा होता, पण गोलंदाजाचा हात वाचायची विद्या शाबूत होती. चेंडू जवळ येताना डोळ्यातली त्याची प्रतिमा मोठी होत जाते. ती किती झपाट्याने मोठी होते, यावरून तो कधी येऊन पोहोचेल हे कळू शकते, असे डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये मांडले. आणि त्यासाठी एक डोळा पुरतो. दुसरा डोळा गेल्याचे नुकसान झालेच. तो गेला नसता तर आपण किती मोठे झालो असतो, हा प्रश्न पतौडींच्या मागे जन्मभर राहिला. पण खेळ संपला नाही.

हा विषय माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा नाही, त्याला घरचे कारण आहे. माझ्या धाकट्या भावाला सातवीत चष्मा लागला. तोवर तो शाळेच्या संघात सलामीला जात असे. चष्मा पाहून खेळाच्या मास्तरांनी त्याला बाजूला काढले. 'तुला आता चेंडू दिसायचा नाही, तू धावा लिही,' म्हणाले. त्याने पुढची तीन वर्षे धावांची वही सुरेख अक्षरात ठेवली. बॅट मात्र पुन्हा हातात धरली नाही. त्याच काळात पाकिस्तानचे झहीर अब्बास चष्मा लावून प्रथम श्रेणीच्या शंभराव्या शतकापुढे पोहोचले होते. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडना चष्मा होता. आमच्या गावात हे दोघे रेडिओवर ऐकू येत. त्यांचा चष्मा ऐकू येत नसे.

२००७ मध्ये मान यांनीच ऑस्ट्रेलियात एक प्रयोग प्रसिद्ध केला. धूसर दिसावे म्हणून फलंदाजांच्या डोळ्यांत मुद्दाम चुकीच्या नंबरची भिंगे घातली आणि यंत्राने चेंडू टाकले. थोड्या धूसरतेने खेळात विशेष फरक पडला नाही. तीन नंबरचे भिंग घातले, जवळपास आंधळेपणाच्या उंबरठ्यावर नेले, तेव्हा कुठे फलंदाजी ठळकपणे घसरली. याचा अर्थ चष्म्याशिवाय खेळावे असा कुणी काढू नये. लागत असेल तर चष्मा लावावाच, डोके आणि डोळे जपावेतच. पण चष्मा दिसताच मुलाला बाद ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. ब्रॅडमनसारख्या ९९.९४ सरासरीच्या फलंदाजाची नजर, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात तपासली तेव्हा, अधू निघाली होती.

मग ही विद्या येते कुठून? ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावी घराच्या मागे पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू मारत आणि परत उसळणारा चेंडू एका स्टंपने टोलवत. आपल्या मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत, कधी थांबणारा तर कधी उसळणारा चेंडू. तिथे तगलेल्या फलंदाजाकडे हजार प्रकारच्या टप्प्यांची शिदोरी जमा होते.

पण ही शिदोरी ज्या खेळाची, त्याच खेळात कामाला येते. २००४ मध्ये अमेरिकेत एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या महिला खेळाडूने, खालून हात फिरवून टाकलेल्या सॉफ्टबॉलवर, बेसबॉलच्या नामांकित पुरुष फलंदाजांना हात हलवत परत पाठवले. चेंडू मोठा होता आणि त्यांच्या रोजच्या सवयीपेक्षा हळू होता. पण तो हात त्यांनी कधी वाचलेला नव्हता. डोळे तेच होते, पुस्तक मात्र परके होते.

आज गावोगावी अकादम्या निघाल्या आहेत आणि गोलंदाजीची यंत्रे आली आहेत. यंत्र दमत नाही, तक्रार करत नाही. पण यंत्राला मनगट नसते, खांदा नसते, धावत येणेही नसते. २००९ च्या एका अभ्यासात उगवत्या फलंदाजांची पावले आणि बॅट यंत्रासमोर वेगळ्या वेळी हलताना दिसली, माणसासमोर वेगळ्या. आईबाप पैसे भरतात ते मुलाने फलंदाजी शिकावी म्हणून. नुसत्या यंत्रासमोर तासन् तास उभा राहिलेला मुलगा फटका शिकेल, समोरचा हात वाचायला शिकणार नाही. त्यापेक्षा गल्लीतले दहा प्रकारचे दहा गोलंदाज त्याला जास्त शिकवतील.

नजरेशिवायही हे घडते, याचा पुरावा अंधांच्या क्रिकेटमध्ये आहे. चेंडूच्या आत छर्रे असतात, ते खुळखुळतात. गोलंदाज आधी फलंदाजाला 'तयार?' असे विचारतो, मग इशारा देऊन चेंडू खालून टाकतो. फलंदाज आवाजावरून चेंडूची दिशा आणि वेळ ओळखतो. १९९८ मध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीत झाली. २०१२ मध्ये बंगळुरूला अंधांचा पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने जिंकला. तिथे घारीची नजर कुणाकडे होती?

मुशायऱ्यात मी हे नेहमी अनुभवतो. गझलेचा दुसरा शेर सुरू झाला, की जाणकार श्रोते काफिया ओठांवर आणून बसलेले असतात. शायर शब्द उच्चारतो, त्याच क्षणी सभागृहातून तो उमटतो. त्यांचे कान आमच्यापेक्षा वेगवान नसतात. त्यांनी हजारो शेर ऐकलेले असतात.

या विद्येला आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे. अंदाज. तो फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'फेकणे' हा अर्थ आहे. तीर फेकणारा तो तिरंदाज. तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. जुन्या तोफखान्यातला हा शब्द मराठीने क्रिकेटच्या मैदानावर आणला आणि त्याच धर्तीवर फळी चालवणारा फलंदाज घडवला. दोघांच्याही नावात अंदाज आहे. नजर कुणाच्याच नावात नाही.

नजर जन्मासोबत मिळते आणि वयासोबत जाते. अंदाज कमवावा लागतो. आणि जो कमवावा लागतो, तो चष्मा लावलेल्या मुलालाही कमावता येतो. त्याला धावा लिहायला बसवण्याआधी, मास्तर, दहा-वीस वेगवेगळे हात त्याच्या समोर येऊ द्या.